भस्मासुराचं बजेट

पाठीशी कुठलाही बडा स्टुडिओ नसलेला मराठी तरुण पहिला चित्रपट करायला निघाला की तो बहुधा ‘रोमँटिक थ्रिलर’च करतो. का, असं विचारलं तर तो मानवी मनाचे कंगोरे, नात्यातली धूसर जागा, प्रेमाची काळी बाजू वगैरे सांगतो. मुलाखतीत असं बोलावंच लागतं. खरं कारण वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं असतं. ऐतिहासिक चित्रपट करायचा तर घोडे लागतात, आणि घोडे चित्रीकरण नसलं तरी खातात. ग्रामीण चित्रपटाला जत्रा लागते. कौटुंबिक चित्रपटाला काका, काकू, आत्या मिळून डझनभर नट लागतात आणि त्या डझनभरांच्या तारखा एका आठवड्यात जुळवणं ब्रह्मदेवालाही जमलेलं नाही. विनोदी चित्रपटाला ठरावीक चार चेहरे लागतात आणि ते चारही चेहरे नाटकाच्या दौऱ्यावर असतात. हे सगळं वजा करत गेलं की उरतात एक पुरुष, एक बाई, एक बंगला, एक रात्र आणि एकमेकांवरचा संशय. यातला संशय तर अगदीच फुकट. त्याला मानधन नाही, जेवण नाही, व्हॅनिटी व्हॅन नाही आणि अजून तरी जीएसटी नाही. तेव्हा माझं म्हणणं असं, की रोमँटिक थ्रिलर लेखकाच्या डोक्यात जन्मत नाही, तो वजाबाकीत जन्मतो. यात टिंगल नाही. ही वजाबाकी जो चित्रपट उघडपणे मान्य करतो तो बहुधा बरा निघतो आणि जो ती लपवायला जातो तो बहुधा तोंडावर पडतो, एवढंच सिद्ध करायचं आहे. आणि त्यासाठी लागणारा बहुतेक पुरावा नाशिक जिल्ह्यातच सापडतो.

पहिला पुरावा फार जुना आहे. रामायणातला वनवास बराच काळ शांतपणे चाललेला असतो. मंडळी पंचवटीला येतात आणि बघता बघता त्या कथेचा थरारपट होतो. एकतर्फी प्रेम, नकार, नाक कापण्याचा प्रसंग, मग सोन्याच्या हरणाची हूल, आवाजाची नक्कल, वेषांतर, अपहरण आणि मरता मरता जबानी देणारा एकमेव साक्षीदार. पटकथेच्या कार्यशाळांमध्ये हल्ली फी घेऊन जे जे शिकवतात ते सगळं गोदावरीच्या काठावर आधीच होऊन गेलेलं आहे. पण माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं आहे ते नेपथ्य. एक पर्णकुटी, भोवती झाडं आणि मोजकी पात्रं. खर-दूषणांचं चौदा हजारांचं सैन्य मधे येतं हे कबूल. पण कुठलाही निर्माता पहिल्याच बैठकीत ते सैन्य काढून टाकील आणि कथेला काही होणार नाही. राजवाडे, दरबार, राज्याभिषेक ही सगळी खर्चाची कामं पंचवटीच्या आधी किंवा नंतर येतात. श्वास रोखून ऐकावा असा भाग मात्र सगळ्यांत स्वस्त लोकेशनवर घडतो. कथा सांगणाऱ्यांना हे हजारो वर्षांपूर्वी कळलेलं होतं. ज्यांना अजून कळलेलं नाही ते दरबाराचा सेट लावतात.

दुसरा पुरावा लेखी आहे. धुंडिराज गोविंद फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मले. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात लागला, हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्यानंतर त्याच वर्षी त्यांनी मुंबईचं बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि इथे ‘मोहिनी भस्मासुर’ केला, हे सहसा नसतं. आता हा चित्रपट पौराणिक म्हणून नोंदलेला आहे आणि ते बरोबरच आहे. पण कथेवरचं देवादिकांचं पांघरूण क्षणभर बाजूला करा. एका खलनायकाला असा वर मिळतो, की तो ज्याच्या डोक्यावर हात ठेवील त्याची राख होईल. वर देणाऱ्याच्याच मागे तो लागतो. मग एक अनोळखी सुंदरी येते, तो तिच्यावर भाळतो, ती नाचते, तोही तिच्यासारखा नाचू लागतो आणि नाचता नाचता स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो. याला रोमँटिक थ्रिलर म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? आणि निर्मात्याच्या नजरेने पाहिलं तर ही जगातली सर्वांत काटकसरी पटकथा आहे. खलनायकाचं शस्त्र म्हणजे त्याचा स्वतःचाच हात, तेव्हा तलवारींचं भाडं नाही. पाठलागाला फक्त पाय लागतात. शेवटची मारामारी नाही, नाच आहे. खलनायकाला मारायला नायक लागत नाही, तो आपला आपण मरतो. प्रेताची व्यवस्था नाही, कारण उरते ती राख, आणि राख नाशिकच्या कुठल्याही चुलीत तेव्हा विनामूल्य होती.

पात्रांची जमवाजमवही याच हिशेबाने झाली. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले होते. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघींनी काम केलं. दुर्गाबाई पार्वती, कमला मोहिनी. भारतीय पडद्यावर स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याची ही सुरुवात. इतिहासाच्या दृष्टीने ही क्रांती होती. हिशेबाच्या दृष्टीने दोन मुख्य भूमिका एकाच बिऱ्हाडातून भागल्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि चित्रपटाच्या धंद्यात त्या बहुधा असतातच. साळुंक्यांचं कसब पुढे वाया गेलं असं मात्र नाही. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. लोक याकडे नवल म्हणून पाहतात. मी पटकथेची हुशारी म्हणून पाहतो. नायक आणि नायिका एकच माणूस असेल तर त्या दोघांना समोरासमोर आणणं अवघड, आणि लंकादहनाच्या कथेत ते दोघे बराचसा काळ समुद्राच्या दोन तीरांवर असतात. विरह हा प्रेमाचा सर्वांत स्वस्त प्रसंग आहे हे फाळक्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. त्या चित्रपटाच्या मद्रासच्या खेळांतला गल्ला बैलगाडीतून न्यावा लागला, असं सांगतात. एका नटाच्या मानधनात दोन माणसांचा विरह विकल्यावर दुसरं काय होणार!

यावर पहिला आक्षेप हमखास येतो. फाळक्यांनी काटकसर निवडली नव्हती, त्यांच्याकडे पैसेच नव्हते. नाइलाजाला कलेचं नाव कशाला देता? आक्षेपातली माहिती बरोबर आहे. १९१२ मध्ये कॅमेरा आणायला लंडनला जाताना त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. कोरी फिल्म छिद्रं पाडलेली मिळत नसे, तेव्हा अंधारात बसून ती छिद्रं सरस्वतीबाई पाडत, फिल्म धूत, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडत आणि वर सगळ्यांचा स्वयंपाक करत. आज या एका बाईंच्या जागी चार विभाग असतात आणि चौघांचेही स्वतंत्र व्हॉट्सॲप ग्रुप असतात. चादरीची जागा थर्माकोलने घेतली, एवढीच काय ती प्रगती. पण नाइलाज आणि कला यांचं वैर आहे हे मला मान्य नाही. पैसे देऊ शकतील अशा लोकांचा विश्वास बसावा म्हणून फाळक्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं आणि त्याच्या वेलाची वाढ रोज थोडी थोडी टिपून तो चित्रपट करून दाखवला. त्यांच्याकडे नट नव्हते, सेट नव्हता, कपडेपट नव्हता. मग त्यांनी असा नायक घेतला ज्याला संवाद नाहीत, जो तारखांचा घोळ घालत नाही आणि जो जागेवरून हलत नाही. गरिबीत करायचं म्हणून त्यांनी राजवाड्याचा एक कोपरा रंगवून दाखवला असता तर लोक हसले असते. त्यांनी वाटाणाच दाखवला आणि लोकांनी पाकिटं उघडली. टंचाई लपवण्यापेक्षा तिलाच काम द्यावं, हे तत्त्व भारतीय चित्रपटाच्या पहिल्या शेंगेतच आलेलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त भारदस्त असतो. कलेला जमाखर्चाच्या वहीशी बांधणं हा कलेचा अपमान आहे, असं काही रसिक म्हणतात. त्यांच्यासाठी शार्दूलविक्रीडिताचं उदाहरण पुरेसं आहे. या वृत्तात ओळीला एकोणीस अक्षरं बसतात. विसावं अक्षर हवं म्हणून कुठल्या कवीने आजवर सरकारकडे अनुदान मागितलेलं नाही. एकोणिसातच त्याने प्रेम, मरण, पाऊस आणि परमेश्वर बसवले. चित्रपटवाल्याचं वृत्त म्हणजे त्याचं बजेट. दोन नट, आठ रात्री, एक बंगला, हा त्याचा गण आणि ही त्याची यती. फरक इतकाच, की कवीने वृत्त मोडलं तर समीक्षक रागावतो आणि दिग्दर्शकाने मोडलं तर लाइटवाला दिवे उचलून घेऊन जातो. मराठी रसिकाला तर हे शिस्तीचं गणित नवं नाही. एका दिवाणखान्यात, एका टेलिफोनवर आणि एका बंद पडणाऱ्या दिव्यावर आपल्या रंगभूमीने किती रहस्यनाटकं उभी केली! बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या कागद आणि शाई एवढ्याच भांडवलावर. राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ १९६४ साली आला आणि दोनच वर्षांत हिंदीने त्याचा ‘मेरा साया’ केला. प्रेम आणि भय यांची सांगड मराठी माणसाला घरचीच आहे; त्याला परदेशातून आणलेलं भय लागत नाही.

मग घोटाळा होतो कुठे? तो होतो वजाबाकी झाल्यानंतर. वजाबाकीने दिलेली पटकथा हातात असते, एक बंगला, दोन माणसं, एक रात्र. आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, ‘चित्रपट मोठा दिसला पाहिजे.’ हे वाक्य बहुधा निर्मात्याच्या मेहुण्याचं असतं. त्या क्षणापासून ड्रोन उडायला लागतो. ड्रोन आधी गंगापूर धरणाच्या पाण्यावरून जातो, मग पांडवलेण्यांच्या डोंगरावरून, मग महामार्गावरच्या उड्डाणपुलावरून, आणि नायिका दाराची कडी लावेपर्यंत तो इतका फिरून येतो की प्रेक्षकाला वाटावं, खुनी विमानाने येणार आहे. त्यानंतर गाणं. गाणं द्राक्षबागेत, कारण मेहुण्याला तिथे इटलीचा भास होतो. द्राक्षबाग हे नाशिकचं खरंखुरं वैभव आहे, पण तिला स्वतःचं वेळापत्रक असतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. नटांच्या तारखा मिळतात त्या नेमक्या त्यानंतर. तेव्हा पडद्यावर प्रेमिक एकमेकांच्या मागे धावतात ते उघड्या खुंटांच्या आणि लोखंडी अँगलच्या रांगांमधून. आणि त्या पार्श्वभूमीवर गीतकाराने लिहिलेला बहर मात्र तसाच असतो. पावसाळ्यानंतर जावं तर ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि तिच्यामागून फवारण्या. नायिका डोळे पुसते तो अभिनय की औषध, हे संकलकालाही कळत नाही. एवढं करूनही चित्रपट मोठा दिसत नाही. मोठा दिसायचा प्रयत्न करणारा लहान चित्रपट दिसतो, आणि ती फार वेगळी गोष्ट आहे.

याउलट नाशिकमध्ये थरारपट करायला लागणारी सामग्री अक्षरशः दारात पडलेली आहे, फक्त तिच्याशी भांडायचं सोडलं पाहिजे. मध्यरात्रीचा प्रसंग घ्या. कॉल टाइम संध्याकाळी सातचा, दिवे लागायला दहा, आणि नायकाने हळुवारपणे ‘तू कोण आहेस?’ विचारायला पहाटेचे चार. तेवढ्यात दूरवर काकड आरती सुरू होते. दिवसा घ्यावं तर ओझरहून, जिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स सुखोई विमानं जुळवतं, तिथून एखादं विमान नेमकं कबुलीजबाबाच्या वेळी आकाश फाडत जातं. ध्वनिमुद्रक कानावरचे हेडफोन काढून आभाळाकडे बघतो. पन्नास माणसं गप्प बसतात. शहाणा दिग्दर्शक अशा वेळी दुसरा टेक मागत नाही; तो संवाद बदलतो. ज्या वाक्यावर नायिका खरं बोलणार आहे तेच वाक्य विमानाच्या आवाजात बुडू देतो, आणि नायकाला ते ऐकू आलं की नाही यावर पुढचा अर्धा तास काढतो. कुत्र्याचंही तसंच. थरारपटाला रात्री भुंकणारा कुत्रा लागतोच, पण जनावर पडद्यावर आणायचं तर प्राणिकल्याण मंडळाची परवानगी लागते. म्हणून आपल्याकडच्या लहान चित्रपटांत कुत्रा बहुधा फक्त ऐकू येतो. आणि खरं सांगायचं तर न दिसणारा कुत्राच जास्त भीतिदायक असतो. दिसला असता तर तो कॅमेऱ्याकडे बघून शेपूट हलवताना सापडला असता. पावसाचं मात्र अवघड. टँकरचा पाऊस विकत घ्यावा लागतो आणि खरा पाऊस फुकट असला तरी त्याला कंटिन्यूइटी कळत नाही. दारात चिंब भिजलेला नायक घरात शिरतो तेव्हा खिडकीबाहेर लख्ख ऊन असतं. यावर उपाय म्हणजे खिडकी बंद करणं. खिडकी बंद केली की खोली कोंदट होते, खोली कोंदट झाली की संशय वाढतो. बघा, पुन्हा वजाबाकीनेच पटकथा सुधारली.

हा नियम नाशिकपुरता नाही. क्रिस्टोफर नोलनने १९९८ साली पहिला चित्रपट ‘फॉलोइंग’ केला तो सहा हजार डॉलरच्या आसपास. नोकऱ्या करणारी मित्रमंडळी, १६ मिलिमीटरची काळी-पांढरी फिल्म आणि वर्षभराचे शनिवार. त्याचा नायक काय करतो? रस्त्यावरच्या अनोळखी लोकांच्या मागे मागे फिरतो. म्हणजे सगळं लंडन एक्स्ट्रा म्हणून फुकट कामाला लागलं. रामगोपाल वर्माचा ‘कौन’ १९९९ चा; तीन नट, एक घर, बाहेर पाऊस, गाणं एकही नाही. सतीश राजवाड्यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त २०१० साली दोन माणसं पुण्यात एक दिवस फिरतात, आणि त्यांची नावंसुद्धा आपल्याला सांगितली जात नाहीत, काटकसर याहून पुढे काय जाणार? पण खरा धडा आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावने दिला. तिथे यंत्रमागांच्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ केला. सायकलवर कॅमेरा बसवला की ट्रॉली, बैलगाडीची दांडी वर-खाली केली की क्रेन. त्यांच्या नंतरच्या एका चित्रपटातला सुपरमॅन यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत तरुण होता. मालेगावकरांनी आपली अडचण झाकली नाही, तिचाच विनोद केला, आणि म्हणून जग बघायला आलं. आधी फैझा अहमद खान यांनी त्यांच्यावर माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ पडद्यावर आला. सायकलीवर झालेला चित्रपट कसा झाला, हे दाखवायला जागतिक कंपनीचा पैसा लागला, यावरून सायकलीची किंमत समजावी.

आता शेवटचा आणि सगळ्यांत कठीण आक्षेप. वजाबाकी एवढी गुणकारी असेल तर पैसा वाईट म्हणायचा का, आणि कमी पैशांतला प्रत्येक चित्रपट चांगला का? दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. पैसा वाईट नाही. नाशिकरोडच्या छापखान्यात देशाच्या नोटा छापल्या जातात आणि त्यांतली एकही थेट सेटवर येत नाही याचं दुःख इथल्या प्रत्येक निर्मात्याला आहे. पण पैसा आला की प्रश्न सुटतात, हे फाळक्यांच्या नाशिकमधल्याच अनुभवाला धरून नाही. १९१८ मध्ये भागीदारांच्या भांडवलावर इथे हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ यांसारखे चित्रपट तिथून आले, फाळक्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. पण भागीदारांशी फाळक्यांचं जमेना, ते राजीनामा देऊन काशीला गेले आणि तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं. पुढे परतले. नंतर ‘सेतुबंधन’ सुरू केला तो मूकपट म्हणून. पैशांअभावी तो असा रखडला की दरम्यान १९३१ मध्ये ‘आलम आरा’ येऊन सगळा देश पडद्यावर बोलू लागला आणि ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज चिकटवावा लागला. पूल बांधायला घेतला होता; तो होईपर्यंत नदीच सरकली. तेव्हा टंचाईच्या मापाची कथा नसेल तर टंचाई मारतेच. नुसत्या चांगल्या लेखणीनेही भागत नाही. वि. वा. शिरवाडकरांनी तरुणपणी नाशिकमध्ये ‘सती सुलोचना’ या चित्रपटाची पटकथा लिहिली आणि त्यात लक्ष्मणाचं कामही केलं. चित्रपट चालला नाही. पुढे त्यांना कुसुमाग्रज म्हणून १९८७ चं ज्ञानपीठ मिळालं. ज्ञानपीठाच्या तोडीचा लेखक आणि तोच भूमिकेत, याहून मोठी बचत कोणती? तरीही जमलं नाही. म्हणून माझा दावा मर्यादित आहे: टंचाई चित्रपट चांगला करत नाही, पण टंचाईचा खोटेपणा तो नक्की वाईट करतो.

खोटेपणाला एका जागी सूट द्यायला मी तयार आहे, ती म्हणजे जाहिरात. तिथे आपली परंपराच तशी आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ सुरतेला गेला तेव्हा तिथल्या लोकांना दोन आण्यांत सहा तास चालणारं नाटक मिळत होतं. तीन आणे देऊन एवढासा चित्रपट कोण बघणार? मग जाहिरात झाली, की ५७ हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं फक्त तीन आण्यांत. चित्रपट होता ३,७०० फुटांचा. फुटाला सोळा चित्रं धरली तर छायाचित्रांचा आकडा प्रामाणिक आहे, किंबहुना थोडा कमीच सांगितलेला आहे. मैलांचा मात्र हिशेब पाऊण मैलाच्याही आत संपतो. उरलेला सव्वा मैल निर्मात्याच्या उत्साहाचा. त्या मानाने हल्ली पोस्टरवर ‘सत्य घटनेवरून प्रेरित’ लिहितात ते अगदीच माफक. प्रेरणा कुठून मिळाली हे विचारायचं नसतं. बहुधा ती कोरियाहून आलेली असते आणि सबटायटल्ससकट आलेली असते.

चित्रपट पुरा होतो, संकलन होतं, सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळतं, खलनायकाने सिगारेट पेटवली की कोपऱ्यात आरोग्याचा इशारा उगवतो आणि प्रेक्षकाचं सगळं लक्ष खुनावरून फुप्फुसांवर जातं. तेही निभावतं. पण चित्रपटगृहात लागण्याचा जो थरार आहे तो कुठल्याच पटकथेत बसत नाही. डिजिटल प्रतीचं भाडं निर्मात्यानेच भरायचं, आणि खेळ मिळतो तो दुपारी बाराचा, जेव्हा थरारपट बघण्याच्या वयाची माणसं कचेरीत असतात आणि उरलेली जेवत असतात. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइम द्यायचं ठरवलं, संध्याकाळी सहा ते नऊ. त्यावर गदारोळ झाला आणि तडजोड म्हणून प्राइम टाइमच ताणून दुपारी बारा ते रात्री नऊ करण्यात आला. दुपारी बाराला संध्याकाळ म्हणण्याची ही किमया पाहून पौराणिक चित्रपटांतले चमत्कारसुद्धा फिके वाटतात. तरी इथे सगळा दोष सरकारचा किंवा थिएटरवाल्याचा नाही. आठ-दहा माणसांसाठी एसी चालवणं कोणालाच परवडत नाही. दोष ‘मोबाइलवर येईल तेव्हा बघू’ म्हणणाऱ्यांचाही आहे, आणि ते म्हणणारे आपणच आहोत.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी अनोळखी चेहऱ्यांचा, एका बंगल्यातला, एका रात्रीतला मराठी रोमँटिक थ्रिलर शुक्रवारी लागला, तर तीन गोष्टी करा. दिग्दर्शक ओळखीचा असला तरी पास मागू नका, तिकीट काढा. पहिल्या तीन दिवसांत जा, कारण सोमवारी तो खेळ तिथे असेलच असं नाही. आवडला नाही तर दिग्दर्शकाला तसं स्पष्ट सांगा, आणि शक्य झाल्यास ड्रोन विकून टाकायचा सल्लाही द्या. खुनी कोण हे मात्र बाहेर येऊन सांगू नका. घर, गाडी आणि बायकोचे दागिने गहाण पडल्यावर निर्मात्याच्या हाती तेवढी एकच मालमत्ता उरलेली असते.